सव्वा तासाचं बंगळूर

ताई,

परवा तुझा तेरावा झाला. कोरगावच्या तुझ्या अंगणात पंगत बसली, पानं उठली, आणि माणसं जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलून गेली. "सोसलं हो बाईनं." "सुटली म्हणायचं." तुझ्या माहेरच्या पाळीहून आलेले आपले शेजारी म्हणाले, "भावानं मात्र काही कमी केलं नाही." मी मान हलवली. खाली बघून, पण हलवली.

तू कुठल्या आजारानं गेलीस, मागे कोण कोण आहे, ते पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. मला ते लिहायचं नाही. मला त्या रविवारबद्दल लिहायचंय. पण एकदम तिथून सुरुवात केली तर तुला आवडणार नाही. "दिगू, गजाल सांगतना शेंड्याकडून सुरू करू नको," हे तू मला मी पाचवीत असल्यापासून सांगत आलीस.

तुझ्या पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हा गावानं आपला निकाल आधीच लावला होता. घरामागे भावोजींची काजूच्या दारूची भट्टी. मार्च-एप्रिलात अख्ख्या वाड्यावर हुर्राकाचा वास. लोक म्हणाले, भट्टीवाल्याची बायको, चाखत असणार. तू आयुष्यात जिभेला थेंब लावला नव्हतास. डॉक्टरांनी सांगितलं की काही बायकांमध्ये शरीरच आपल्या लिव्हरवर उलटतं, त्यात कोणाचा दोष नसतो. तू अंगणवाडीत गेलीस आणि पोरांना न्यायला आलेल्या बायकांना ओळीत बसवून हे सगळं समजावून सांगितलंस. घरी आल्यावर मला म्हणालीस, "पटला नाय एकीकय. पण सांगून टाकलंय."

शेवटी लिव्हर बदलण्याशिवाय उपाय उरला नाही. माझी तपासली, तर चरबी फार म्हणून नाकारली. भावोजींचा रक्तगट जुळेना. तुझ्या सोनलला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, ती स्वतःहून पुढे आली, आणि तू तिच्यावर अशी ओरडलीस की बाहेर कोंबड्या उडाल्या. "माझ्या पोरीच्या पोटाक कोणी सुरी लावूची नाय." मग बंगळूरच्या एका इस्पितळात तुझं नाव यादीत घातलं. तिथे कुणी मेंदू निकामी होऊन गेलं, घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, रक्तगट जुळला आणि आपला नंबर लागला, तर फोन येणार. फोन आल्यापासून सात तासांत इस्पितळात हजर व्हायचं. नाहीतर पुढच्या माणसाला बोलावणार.

सात तास ऐकून भावोजी घाबरले. मी हसलो. मी मोपाच्या विमानतळावर नोकरीला, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. बंगळूरचं विमान सव्वा तासाचं. "भावोजी," मी म्हटलं, "आपल्या पाळीहून मडगावला बसनं जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याआधी ताई बंगळुरात उतरेल."

ही नोकरीसुद्धा तुझीच देणगी. खाण बंद पडल्यावर मी चार वर्षं घरात बसून होतो. खाणीच्या काट्यावर ट्रक मोजण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. मोपाला भरती निघाली तेव्हा माझा अर्ज तू भरलास, फोटो तू चिकटवलास, सही तेवढी माझी. ट्रॉल्यांवर देखरेख करायचं काम मिळालं आणि मी निळा शर्ट घालून तुझ्याकडे आलो, तर तू दारातच उभी राहून मला वळायला लावलंस. पुढून बघितलंस, मागून बघितलंस. "आता माणसासारखो दिसतंस," म्हणालीस. त्या दिवशी तुझ्याकडे किसमूर होती, सुक्या बांगड्याची, खोबरं घालून. मी तीनदा भात घेतला. तुझं मीठ तेव्हा बंद झालेलं नव्हतं.

पहिला फोन फेब्रुवारीत आला. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी कामावरच होतो. वरिष्ठांना सांगून तिकिटं काढली, भावोजींनी तुला आणि सोनलला गाडीत घातलं, आणि अकराच्या विमानात आपण तिघं बसलो होतो. भावोजी मागे राहिले, गुरं होती. तू पहिल्यांदाच विमानात बसलीस. मला वाटलं होतं तू घाबरशील, खिडकीतून खाली बघशील, देवाचं नाव घेशील. तू भावोजींचं जुनं घड्याळ मनगटावर घट्ट बांधून बसली होतीस आणि औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं वेळा लिहीत होतीस. फोन आला ती वेळ, घरातून निघालो ती वेळ, विमानतळाचं दार, विमान हललं ती वेळ. अंगणवाडीत पोरांची वजनं लिहून लिहून लागलेली सवय. हवाई सुंदरीनं खायला आणलं तर तू तिला आपल्या बोलीतच विचारलंस, "मीठ आसा काय ह्यात?" ती गोड हसली आणि तुझ्यासमोर पाणी ठेवून गेली.

विमान खरंच सव्वा तासात उतरलं. मी तुझ्याकडे विजयानं बघितलं. मग बंगळूरचा रस्ता सुरू झाला. गाडी पुढे सरकेना. तू मागच्या सीटवर सोनलच्या खांद्याला डोकं लावून बसलीस, तुझे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. दीड तासानं इस्पितळ आलं.

तिथे कळलं की आपण दुसरे. पहिला हुबळीचा एक माणूस होता. त्याच्या तपासण्यांत काही बिघडलं तरच तुला घेणार. त्याची बायको तुझ्याशेजारच्या बाकावर बसली होती. तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी तिनं तुझा हात धरला आणि तू तो सोडवला नाहीस. दुपारी तीनला नर्स येऊन म्हणाली, त्यांचं सगळं ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता. ती बाई रडायला लागली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास. मला तेव्हा तुझा राग आला होता, ताई. आज सांगतो. मला वाटलं, हिला स्वतःसाठी काहीच कसं वाटत नाही?

तुला वाटत होतं. ते परतीच्या वाटेवर कळलं. विमानाची वाट बघताना तू ती चिठ्ठी माझ्यापुढे धरलीस.

"सव्वा तास विमानाचो. फोनापासून त्या बाकापर्यंत किती झाले बघ."

साडेपाच तास.

"आज ऊन होता," तू म्हणालीस. "विमान वेळेर होता. तू कामावर होतंस. सगळा जुळून आयला म्हणून साडेपाच. दिगू, माका थंय इस्पितळाजवळ एक खोली बघून दी. पावसाच्या आधी."

मी म्हटलं, बघू.

त्यावर आपलं दोन महिने भांडण चाललं. भांडण म्हणजे तू एकदा म्हणायचीस आणि मी दहा कारणं सांगायचो. सोनलचं बारावीनंतरचं शिक्षण. भावोजींची बाग, गुरं. तुझ्यासोबत कोण राहणार? त्या शहरात तुला पेज कोण करून देणार? आणि शेवटी माझा हुकमी पत्ता, "ताई, मी रोज विमानं बघतो. तुला कशाला भीती? दिवसाला किती विमानं जातात बंगळूरला!" भावोजी माझ्याकडे बघायचे, कारण विमानांचं मला कळतं अशी त्यांची समजूत. एप्रिलात कधीतरी तू तो विषय काढायचं थांबलीस. मला वाटलं, पटलं.

खरं कारण मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. तुझ्यासोबत राहायला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? भावोजींना बाग सोडता येत नव्हती, सोनल एकटी पुरी पडली नसती. म्हणजे मी. म्हणजे बिनपगारी रजा, सहा महिने, वर्ष, कोण जाणे किती. मग तो निळा शर्ट गेला असता. चार वर्षं घरात बसलेल्या माणसाला परत घरात बसायची भीती वाटते. ती नोकरी तूच मिळवून दिलेली, आणि तीच धरून मी तुला इथे ठेवलं.

आता तो रविवार.

पाऊस सकाळपासून झोडपत होता. मला सुट्टी होती म्हणून जेवायला तुझ्याकडे आलो होतो. भावोजी पेडण्याला कोणाच्या तरी बाराव्याला गेले होते. तू आत जनेलाजवळच्या, म्हणजे पडवीकडच्या खिडकीखालच्या खाटेवर पडली होतीस, सोनल तुझ्या पायांना तेल लावत होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पण त्या दिवशी तू बोलत होतीस, माझ्या टकलावर विनोदसुद्धा केलास. जेवून मी बाहेर सोप्यावर येऊन बसलो. तीन वाजले होते. फोन वाजला.

इस्पितळातली तीच बाई, जी फेब्रुवारीत बोलली होती. या वेळी आपण पहिले, ती म्हणाली. लिव्हर चांगली आहे, रक्तगट जुळतो. दहा वाजेपर्यंत या. येणार की नाही ते अर्ध्या तासात कळवा.

मी पडवीच्या कडेला गेलो, छपराच्या पावळ्या अंगावर पडत होत्या. विमानतळावरच्या माझ्या सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, "दिगंबर, इथे धावपट्टी दिसत नाही. बंगळूरहून येणारं विमान दोन घिरट्या घालून हैदराबादला गेलंय. सव्वापाचचं तुझं विमान तेच. येईल की नाही देवाला माहीत." मी विचारलं, रात्रीचं? ते दहाच्या आत पोहोचवणार नव्हतं. मग मनातल्या मनात चोर्ल्याचा घाट चढून बेळगावपर्यंत गेलो. तिथून विमान मिळेल की नाही ठाऊक नव्हतं, घाटात दरड, आणि मागच्या सीटवर तू, तुझं ते पोट घेऊन. मला दिसलं, घाटातच काहीतरी होतंय. मला दिसलं, विमानतळावरच्या खुर्चीवर तू रात्रभर बसली आहेस आणि विमान येत नाही. फेब्रुवारीतला तुझा चेहरा दिसला.

मी त्या बाईला परत फोन केला आणि सांगितलं, जमणार नाही. विमान नाही.

ती म्हणाली, "नक्की? अजून वीस मिनिटं आहेत."

मी म्हटलं, नक्की.

आत आलो तर तू माझ्याकडेच बघत होतीस. "कोणाचो रे फोन?"

"कामावरचा. उद्याची शिफ्ट बदलायची होती."

"मगे? काय म्हणालंस?"

"नाही म्हटलं."

तू अंगावरची चादर सारखी केलीस. मग म्हणालीस, "बरा केलंस. सोनू, मामाक च्या कर." सोनल उठेना. तू तिला दुसऱ्यांदा सांगितलंस.

साडेसहाला पाऊस थांबला. कोरगावात पाऊस थांबला की माडांवरून पाणी गळण्याचा आवाज तेवढा राहतो, त्यात मला वरून विमान गेल्याचं ऐकू आलं. मी न्हाणीत जाऊन फोन उघडला. हैदराबादला गेलेलं विमान परत आलं होतं. मग रात्रीपर्यंत बघत राहिलो, ते सातला मोपाहून निघालं आणि सव्वाआठला बंगळूरला उतरलं. पुढचा दीड तास धरला तर पावणेदहा. दहाच्या आधी पंधरा मिनिटं.

तेव्हा कुणीतरी दुसरं तिथे पोहोचलंही असेल. बरं व्हावं त्याचं. मी हे म्हणतो, पण मनापासून म्हणता येत नाही. तुला यायचं ते.

त्यानंतर तिसरा फोन आला नाही. मी दर सुट्टीला आलो, आधीपेक्षा जास्त आलो. फळं आणली, तुझे पाय चेपले, एकदा चोरून किसमुरीचा एक घास तुझ्या जिभेवर ठेवला आणि तू डोळे मिटून तो कितीतरी वेळ चघळत राहिलीस. दर वेळी ठरवून यायचो, आज सांगायचं. घरातून निघताना ठरायचं, पेडण्यापर्यंत टिकायचं, आणि तुझा उंबरा ओलांडला की विरायचं. मला वाटायचं, हिला आशा आहे, ती कशाला मोडू? गणपतीनंतर तुला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात दोन दिवस होतीस. शेवटच्या सकाळी तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "सोनूक शिकूक दी. आणि तू नोकरी सोडू नको." मी हो म्हटलं. तेव्हाही सांगितलं नाही.

आणि परवा, पंगत उठल्यावर, पाळीचे लोक ते वाक्य बोलून गेल्यावर, सोनल माझ्यामागून घराच्या मागच्या बाजूला आली. भट्टीच्या थंड चुलीजवळ मी हात धूत होतो.

"मामा, तुम्ही मान कशी हलवलीत?"

मला आधी कळलंच नाही.

"तो फोन पहिलो आईक आयलो होतो," ती म्हणाली. "तुमच्या आधी, तुम्ही जेवून मागे हात धूत होता तेव्हा. त्या बाईनं आईला सगळं सांगितलं, मी शेजारी होते. आई म्हणाली, जाण्यायेण्याचा सगळा माझा भाऊ बघतो, त्याला विचारा. आणि तुमचा नंबर दिला."

मी चुलीच्या दगडावर बसलो.

"तुम्ही पडवीत बोलत होता ते जनेलातून सगळं ऐकू येत होतं. 'जमणार नाही' म्हणालात तेव्हा मी उठले. आईनं माझा हात धरला. इतका घट्ट, मामा, तिच्यात तेवढी ताकद होती हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, गप. तेका काय तरी ठावूक आसतला. नंतर तुम्ही शिफ्टची थाप मारलीत. रात्री तिनं माझ्याकडून शपथ घेतली की मामाला कळू द्यायचं नाही. तो जगू शकणार नाही म्हणाली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला ते जास्त लागलं.

"मी तिचं ऐकलं," ती म्हणाली. "मी नुसती ओरडले असते तरी आपण गाडीत बसलो असतो. मला तुमचा राग येतो, माझा येतो, आणि तिचासुद्धा येतो. तिला जायचंच नव्हतं काय, मामा? दमली होती काय ती? का तुमच्यावर एवढा भरवसा होता?"

मी उठून परत हात धुतले. तुलाच विचारतो, पण तू सांगणार नाहीस. दोन महिने मी तुझं म्हणणं मोडून काढलं, दर वेळी विमानांचं मला जास्त कळतं म्हणून तुला गप्प केलं. त्या दिवशी तू खरंच माझं कळणं मानलंस का? की खोलीसाठी मागून मागून थकल्यावर तुला वाटलं, आता ह्याच्याकडे आणखी काही मागायचं नाही?

संध्याकाळी मंडपवाले बांबू उतरवून गेल्यावर मी भावोजींना सगळं सांगितलं. खोलीचं खरं कारण, फोन, तो आधी तुला आला होता ते, वीस मिनिटं, सातचं विमान. ते पायरीवर बसून ऐकत होते. मला वाटलं ते ओरडतील. मारतीलसुद्धा, मारावं असं वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती त्या रात्री जेवली नव्हती. म्हणाली, भूक नाय. तेच्यामुळे काय?"

मी म्हटलं, असेल.

ते उठले, गुरांना वैरण घातली, परत आले. "दिगंबर," ते म्हणाले. एरवी ते मला दिगूच म्हणतात. "आता जा तू. आणि थोडे दिवस येऊ नको. पोरगी शांत होऊ दी. मीय होऊचंय."

मी आलो. पाळीच्या घरात आता बसलोय. उद्यापासून कामावर जायचंय. नोकरी सोडू नको म्हणालीस, म्हणून जाणार. सव्वापाचला बंगळूरचं विमान सुटतं, त्याच्या ट्रॉल्या मीच लावायच्या आहेत.

एक गोष्ट मनात सारखी येते. तू जनेलाच्या आत होतीस, मी बाहेर. मधे चार हातांचं अंतर. मी जमणार नाही म्हणालो तेव्हा तू आतून एकदा, नुसती एकदा हाक मारली असतीस तर...

नाही. हे परत तुझ्यावर ढकलणं झालं. फोन माझ्या हातात होता, ताई. इस्पितळातल्या बाईनं 'नक्की?' असं विचारलं होतं, आणि नक्की मी म्हणालो.

तुझा,
दिगू